अकरा बेचाळीस

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

दोन पानं! त्या पुष्करने वहीची दोन पानं एकदम उलटली आणि श्रेया ताशी नव्वदने मक्यात गेली.

पोरगी शाबूत, गाडी बऱ्यापैकी शाबूत, मका आडवा. मी नाशिकजवळच्या त्या माळावर छत्री धरून उभी होते, सगळं डोळ्यांनी पाहिलं. भावाची मुलगी म्हणून नाही, पण चालवते सुंदर. बापाच्या, म्हणजे दौलतच्या, डिलाईल रोडच्या गॅरेजमध्येच रांगली ती.

या रॅलीच्या शर्यतीत ड्रायव्हरइतकंच काम शेजारी बसणाऱ्याचं असतं, हे आज कळलं. आदल्या दिवशी रस्ता हळू चालवून बघायचा. ड्रायव्हर बोलेल ते नॅव्हिगेटरने लिहून घ्यायचं — वळण किती मीटरवर, डावं की उजवं, किती अवघड. एक म्हणजे अगदी कोपरा, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. मग शर्यतीत तेच मोठ्याने वाचायचं. पुष्करची वही मागून घेतली. अर्ध्या ओळी अर्ध्यावरच सोडलेल्या. म्हणे, "श्रेया खूप फास्ट बोलते, आत्या." मग तू फास्ट लिही!

चार फेऱ्या आहेत. ज्युनिअरचा किताब मिळेल त्याला पुढच्या वर्षी एका कंपनीच्या संघात जागा — गाडी त्यांची, मेकॅनिक त्यांचे. श्रेयाला मार्चमध्ये तेवीस पुरी होतात. म्हणजे ज्युनिअरचं हे शेवटचं वर्ष. त्यातली एक फेरी मक्यात गेली.

१३ ऑक्टोबर

पुष्करने राजीनामा दिला. व्हॉट्सॲपवर. हात जोडल्याचं चित्र टाकून.

रविवार, १९ ऑक्टोबर



सकाळी साडेसहाला श्रेयाला म्हटलं, काढ गाडी. तू बोल, मी लिहिते. काळाचौकीहून गिरगाव चौपाटीपर्यंत ती बोलत होती आणि मी शॉर्टहँडमध्ये उतरवत होते. मिलच्या हेड ऑफिसात साहेबांचं डिक्टेशन मिनिटाला एकशेवीस शब्दांनी घेतलंय मी. तेही तोंडात पाइप धरून बोलणाऱ्या साहेबाचं. त्यापुढे ही पोरगी म्हणजे आकाशवाणी.

चौपाटीवरून वळलो आणि परतीच्या वाटेचंही तसंच लिहिलं. मग तोच फेरा पुन्हा मारला — या वेळी मी वाचत होते. "पन्नास, डावं तीन, खड्डा, उजवं पाच, दूधवाला." दूधवाला तेवढा निघून गेला होता. बाकी सगळं जागच्या जागी.

"आत्या, एकदाही चुकली नाहीस."

"चुकायचा पगार मला कधी मिळाला नाही."

दौलत चहाचा ग्लास धरून गॅरेजच्या दारात उभा. "अक्का, वय काय तुझं?"

"सहासष्ट. तुझ्या डोक्याचं किती?"

नियमांचं पुस्तक मागवलं. वयाची अट फक्त ड्रायव्हरला आहे. नॅव्हिगेटरबद्दल पुस्तक गप्प आहे. मी दोनदा वाचलं.

५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी ब्लडप्रेशर पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग कागदावर सही केली. लायसन्सचा अर्ज गेला.

आगीपासून वाचवणारा सूट आला. लाल. माझ्या उंचीच्या बायका या खेळात आजवर आलेल्या नसाव्यात, पाय चार बोटं लांब आहेत. कापता येत नाही, शिवण उसवली की नियम मोडतो. मी दुमडून घेतले. लालबागच्या मार्केटात शेवंता कोळणीला बातमी आधीच पोचलेली. "काय गो बाय, लगीन ठरलं म्हनं? लाल कापडं घेतलीस ती?" पापलेट मात्र तिने ताजं दिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर. भोर

लिहू की नको? लिहितेच.

गाडीत बसले आणि सुटलो. हेल्मेटमध्ये माझा स्वतःचा आवाज मला घंटेसारखा ऐकू येत होता. दगड खालून तडातडा आपटतात. दात घट्ट दाबून वाचता येत नाही, म्हणून दोनदा जीभ चावली. आणि तरी — देवा, काय मजा! "शंभर, उजवं दोन, आत कापू नको" असं मी म्हणते आणि तसंच वळण समोर येऊन उभं राहतं, जणू मीच बोलावलं. आयुष्यभर लोकांनी माझं ऐकलं ते नाइलाजाने. ही पोरगी ऐकते आणि ताशी शंभरने ऐकते.

पहिल्या टप्प्यात आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. त्या मितेशच्याही पुढे, ज्याच्या बापाने गाडी ठेवायला एसी लावलेला ट्रक आणलाय.

मग माझी अक्कल. प्रत्येक टप्प्याआधी एक टेबल असतं, वर घड्याळ. ठरलेल्या मिनिटाला नॅव्हिगेटरने उतरून तिथे कार्ड द्यायचं, मार्शल वेळ लिहितो. आमची वेळ नऊ अठरा. मी नऊ सतराला कार्ड दिलं. शाळेत सिस्टर बर्नाडेट घंटेच्या पाच मिनिटं आधी रांगेत उभं करायच्या. तेव्हापासून मी सगळीकडे आधीच पोचते.

मार्शलचं नाव चिंतामणी. पन्नाशीचा, गळ्यात शिट्टी. म्हणाला, "मॅडम, लवकर आलात. एक मिनिट दंड."

"आणि उशीर झाला असता तर?"

"मिनिटाला दहा सेकंद."

"म्हणजे लवकर येणं हा उशिरा येण्यापेक्षा सहापट मोठा गुन्हा?"

"हो, मॅडम."

"हे कुठल्या शहाण्याने लिहिलं?"

"ते मला माहीत नाही. घड्याळात दिसतं तेच मी लिहितो."

मी त्याला इंग्रजीत सुनावलं, मग मराठीत सुनावलं. मागे तीन गाड्या खोळंबल्या. त्याने शांतपणे नऊ सतरा लिहिलं.

एका मिनिटापायी पहिल्यावरून तिसऱ्यावर.  येताना लोणावळ्याला श्रेयाने वडापाव माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आत्या, नियम कुठल्या पानावर आहे?" सतराव्या. मी वाचलं होतं ते पान. उशिराचं वाचलं, लवकर आलं तर कोण दंड करणार म्हणून पुढची ओळ सोडली. पुष्करने दोन पानं सोडली, मी एक ओळ.

१७ नोव्हेंबर

सतरावं पान पाठ केलं.

रविवार, १४ डिसेंबर. कोल्हापूर

पहिल्या! पहिल्या! आणि मितेशच्या गाडीचा ॲक्सल तुटला, तो बाहेर!

टेबलाशी प्रत्येक वेळी घड्याळाकडे टक लावून उभी होते. आकडा बदलला की कार्ड पुढे. चिंतामणी म्हणाला, "आज घड्याळाशी पटलं वाटतं तुमचं." मीही माणूस आहे. डब्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या, शर्यत संपल्यावर त्याला दिल्या. म्हटलं, भोरला जास्त बोलले. त्याने दोन खाल्ल्या, चार रुमालात बांधल्या. "बायकोला दाखवतो. म्हणेल, शिव्या देणारी ती हीच का?"

आता गुणांचा सगळा गुंता सुटलाय. शेवटच्या फेरीत मितेशच्या पुढे राहिलो तर किताब आमचा, मागे राहिलो तर त्याचा.

११ जानेवारी २०२६

श्रेया गॅरेजमध्ये जेवते, गॅरेजमध्ये पेपर वाचते. दौलत म्हणतो, "कंपनीत गेली की माझ्या खोक्यात कशाला येईल?" तोंड वाईट करून म्हणतो आणि सगळ्या डिलाईल रोडला तेच सांगत फिरतो.

रविवार, २५ जानेवारी. चिपळूण, लॉजवर

जिंकलो. चार सेकंदांनी. चार!

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही. पाच टप्पे झाले तेव्हा आम्ही मितेशच्या पुढे होतो, थोडेसेच. सहाव्याकडे जाताना मागचं टायर गेलं. मी उतरून जॅक लावला. हो, मी! दौलतने दोन रविवार शिकवलं होतं. श्रेयाने चाक काढलं, दुसरं घातलं. सात मिनिटं. हात जांभ्याच्या लाल धुळीने भरलेले, तिच्या कपाळावर माझी बोटं उमटली, कशी ते आठवत नाही.

आमची वेळ अकरा बेचाळीस. टेबलाच्या अलीकडच्या पिवळ्या पाटीशी पोचलो आणि माझ्या पट्ट्याचं बक्कल उघडेना. श्रेया ओरडली, "आत्या, खाली दाब, खाली!" उघडलं. तीस पावलं चढ. मी धावले. शाळेच्या स्पोर्ट्सनंतर प्रथमच धावले असेन. कार्ड दिलं. चिंतामणीने घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अकरा बेचाळीस लिहिलं. मी परत आले, बसलो, सुटलो.

तो शेवटचा टप्पा! बारा किलोमीटर, काजूच्या बागांमधून, एकामागून एक वळणं. मी वाचत होते आणि ती माझा शब्द संपायच्या आत वळत होती. एका उतारावर गाडी चारही चाकांनी वर गेली. हवेत असतानासुद्धा मी पुढची ओळ वाचली — "सत्तर, डावं चार" — आणि जमिनीवर टेकलो ते डाव्या चारमध्येच.

मितेशने येऊन हात मिळवला. "आंटी, नेक्स्ट इयर माझ्याकडे बसा." बापाने मात्र ट्रकचं दार लावून घेतलं.

श्रेया रडली नाही. गाडीच्या टपावर बसून राहिली. "आत्या, मी कंपनीची ड्रायव्हर," एवढंच दोनतीनदा म्हणाली.

२६ जानेवारी

घरी. गॅरेजवर फुगे. दौलत नाचला. शेवंता सुरमई देऊन गेली, पैसे घेतले नाहीत.

२७ जानेवारी

पेढे वाटले. मी खाल्ला नाही. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलंय असं सांगितलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही.

२८ जानेवारी

कंपनीचं पत्र आलं. ३ फेब्रुवारीला श्रेयाने पुण्याला जायचं, सीटचं माप द्यायला. दौलतने पत्राला प्लास्टिकचं कव्हर घातलं.

कार्डाची आमची प्रत माझ्या पर्समध्ये आहे. सकाळपासून चार वेळा काढून पाहिली.

३० जानेवारी

माझं कार्ड टेबलावर पडलं तेव्हा घड्याळात अकरा त्रेचाळीस झालं होतं. आकडा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. घड्याळात दिसतं तेच लिहिणाऱ्या माणसाने बेचाळीस लिहिलं, आणि मी थँक्यू म्हणाले. त्या वड्या मी दिल्या नसत्या तर?

आज आयोजकांना पत्र टाईप केलं. चिंतामणीला दोष दिला नाही. मी पाहिलं आणि गप्प बसले, एवढंच लिहिलं. खाली दोन सह्यांची जागा सोडली. गॅरेजमध्ये जाऊन श्रेयाला वाचून दाखवलं. ती गाडीखाली होती. 

खालूनच म्हणाली, "चारने जिंकलो. दहा दंड. म्हणजे सहाने हरलो."

"हो."

बाहेर आली. चिंधीला हात पुसले, एकेक बोट. माझ्याकडे बघितलं नाही.

"कुठे सही करू?"