नोकरी हवी असणाऱ्यांनी उभं राहावं

प्रिय ढब्ब्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. हे टपालाने आलेलं नाही. तू वाचशील तेव्हा मीच ते तुझ्या टेबलावर ठेवून आंघोळीला गेलेली असेन. तोंडाने सांगायला गेले असते तर तू ‘हं, हं’ करत मोबाइलमध्ये डोकं घातलं असतंस. आत्ता मी लॉजच्या डुगडुगत्या खुर्चीत बसून लिहितेय, बस सुटायला अवकाश आहे.

काल इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मीटअपमध्ये बोलले. कंपनीचा टी-शर्ट चढवून गावोगावी ज्ञान पाजत फिरायचं, ज्याला तू ‘ताईची सर्कस’ म्हणतोस, तेच. पण सभागृहाच्या दारात चहा पीत असतानाच कंपनीचा मेल आला. माझं पद रद्द झालं आहे आणि लॅपटॉप परत करायचा आहे. खाली पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा! मेल्यांना माझं नावसुद्धा धड लिहिता आलं नव्हतं. ज्या टी-शर्टात नोकरी गेली, त्याच टी-शर्टात मी आत जाऊन बोलायला उभी राहिले.

आणि कसल्या लोकांपुढे म्हणशील? आयोजक म्हणजे एक दाढीवाला, त्याला माइकपासून मोपेडपर्यंत सगळंच ‘अमेझिंग’ वाटतं. पहिल्या रांगेतला एक जण माझ्या प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत होता, जन्मात परत बघणार नाही तरी. मधला एक टकल्या ‘प्रश्न नाही, छोटंसं निरीक्षण आहे’ म्हणत उठला आणि माझ्यापेक्षा जास्त बोलला. मागचे नुसते खायला आले होते, खोकी उघडल्याचा आवाज आला की माना दाराकडे. मीही काही सोन्याची नाही म्हणा. तेच भाषण, त्याच जागी तोच विनोद. विषय, एक भाग बंद पडला तरी बाकीची यंत्रणा कशी सुरळीत चालते. बोलता बोलता मलाच हसू फुटलं, आणि लोकांना वाटलं विनोद आला.

या मीटअपांची एक रीत आहे. भाषण संपलं की आयोजक विचारतो, कुणाला माणसं हवी आहेत? ते उभे राहतात. मग विचारतो, कुणाला नोकरी हवी आहे? हे दुसरे उभे राहिले की मी खाली बघून वायर गुंडाळत बसते. मला ते बघवत नाही. चारचौघांत हात पसरल्यासारखं वाटतं, शिसारी येते. आणि तुला मात्र, जा, तिथे उभा राहा, म्हणून वर्षभर मीच कानीकपाळी ओरडतेय. तू जात नाहीस म्हणून तुला बुळा म्हणते ते वेगळंच.

काल माणसं हवी असलेलं कुणीच उठलं नाही. दुसऱ्या प्रश्नाला अर्धी खोली उठली. फोटोवाला उठला, निरीक्षणवाला टकल्याही उठला, शर्ट नीट खोचत. मी तर टेबलापाशी उभीच होते. दाढीवाल्याने लगबगीने खुर्ची पुढे केली, मॅडम, तुम्ही बसा ना, तुम्ही कशाला उभ्या? मी बसले नाही. त्याने खुर्ची आणखी पुढे सरकवली, तरी मी बसले नाही. तर त्या गाढवाला काय वाटावं? माइकवर म्हणाला, बघा हा मोठेपणा, मॅडम तुमच्यासाठी उभ्या आहेत. आणि उभे असलेले सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. टाळ्यांची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

आईला मी सांगेन, तू मध्ये पडू नकोस. तुझ्याकडे काम एकच आहे आणि त्यासाठीच हे सगळं लिहिलं. पुढच्या शनिवारी आपल्याकडे मीटअप आहे. या वेळी मी खाली बाकावर बसणार आहे, घरातल्या साध्या कपड्यांत. तू माझ्या शेजारी बस. तो प्रश्न आला की तुला नाही उठावंसं वाटलं तर नको उठूस, मी काही म्हणणार नाही. फक्त माझा हात धरून मला उठव. माझी मी उठेन असं वाटत नाही.

तुझीच, सध्या दुसऱ्या कुणाचीही नोकर नसलेली,
ताई