दाजी, तो आवाज डब्यात नाही

मु. पो. तळेगाव ढमढेरे,
बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थस्वरूप हौसराव दाजी यांना धाकटा मेहुणा बापूसाहेब याचा नमस्कार, हात जोडून आणि (सोल्डरिंगची कांडी अजून तापलेली असल्याने) थोडं अंतर राखून.

तुमची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. गुडघा काय म्हणतो? शुगरची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आहे, जेवण झाल्यावर नाही, एवढं ध्यानात असू द्या. इकडे सगळं बरं आहे. ऊसतोडीची टोळी आज येते, उद्या येते असं चाललं आहे, कांद्याची लागण उरकली, म्हैस व्याली आणि रेडी झाली. आक्का सुखरूप आहे. (तुम्ही विचारलेलं नाही. पण पत्रात घरातल्या सगळ्यांची खुशाली लिहायची रीत आहे आणि ती सध्या आमच्या घरात आहे.) या काळात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन वाजतो, पण उचलला जात नाही. गिटारच्या त्या डब्याच्या आवाजात तो तुम्हाला ऐकू येत नसावा अशी मी स्वतःची समजूत घातली आहे, कारण दुसरी कुठली समजूत नात्याला बरी नाही.

आता मूळ विषयाला हात घालतो. आक्काने झाला प्रकार मला चार वेळा सांगितला आणि चारही वेळा तो सारखाच निघाला, म्हणजे खरा असणार. तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालात, आणि कॉलनीतल्या गार्डसाहेबांकडून तरुणपणी शिकलेली गिटार पुन्हा मनासारखी वाजवायला लागलात, इथवर कुणाची तक्रार नव्हती. मग मोबाइलवर तुम्हाला एका परदेशी अॅम्प्लिफायरवाल्याचा व्हिडिओ दिसला. त्यातल्या माणसाने गिटारीतून एक सूर काढला आणि तुम्ही पुढ्यातलं ताट तसंच ठेवून तो ऐकत बसलात. भाकरी वाळून पापड झाली. पुढे तो अॅम्प्लिफायरचा डबा तुम्ही मागवला. डबा आला, पण व्हिडिओतला आवाज काही त्यातून येईना. तेव्हापासून तुम्ही त्या डब्याची बटणं पिळत आहात. डबा आधी माजघरात होता, मग जिन्याखाली गेला, मग न्हाणीघरात. पलंगावरची गादी उचलून भिंतीला उभी केली गेली आणि आक्का सतरंजीवर झोपली. त्या व्हिडिओत तारेवरून बोट सरकताना चुर्र असा आवाज होत नाही आणि तुमचा होतो, म्हणून तुम्ही बोटांना पावडर लावायला सुरुवात केलीत. पावडर आक्काची होती. एके दिवशी ती दारात पिशवी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी चालले माहेरी. त्यावर तुम्ही मान वर न करता म्हणालात, थांब जरा, ट्रेबल कमी करून बघतो. ती थांबली नाही. चौफुल्याला बस बदलून, पुढे जीपमध्ये दाटीवाटीने बसून ती इथं आली, आणि आल्या आल्या आमच्या स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावायला घेतले. (ती रागात असली की डबे लावते. आमचं मीठ अजून सापडलेलं नाही.)

दाजी, भाऊ म्हणून मला वाईट वाटलं, पण कारागीर म्हणून जास्त वाटलं, हे लपवत नाही. पस्तीस वर्षं मी अॅम्प्लिफायर करतो आहे. भजनी मंडळं, वरातीतले बेंजोवाले, जीपवर कर्णा लावून फिरणारे प्रचारवाले, सगळे माझ्याकडून घेतात. तुम्हालाही तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी एक करून दिला होता. तो पलंगाखाली आहे आणि त्यावर कुरडयांचे डबे आहेत, असं कळलं. असू द्या. पण हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर कुरडया आणि मोबाइलवर पाहिलेल्या डब्याला गादी, हे मनाला लागलं. म्हणून मी ठरवलं की हा आवाज दाखवायचा धंदा काय असतो ते आपण मुळापासून समजून घ्यायचं. आमची सायली पुण्याला नोकरीला असते, ती सुट्टीला आली होती. तिला मोबाइल धरायला लावला आणि बापलेकीने त्या व्हिडिओंचा रीतसर अभ्यास केला.

जे कळलं ते सांगतो. सगळ्या व्हिडिओंत एक दाढीवाला असतो. त्याच्यामागे गिलावा न केलेली विटांची भिंत असते (आपल्याकडे अशा भिंतीला बांधकाम अर्धवट राहिलं म्हणतात). खाली गालिचा, बाजूला झोपलेलं कुत्रं. काही जण तोंडातून शब्दही काढत नाहीत, फक्त बोटं दाखवतात, आणि वर अभिमानाने लिहितात की यात बोलणं नाही, नुसता आवाज आहे. एक बटण फिरवतात, तोच तुकडा वाजवतात, दुसरं बटण फिरवतात, पुन्हा तोच तुकडा. काही जण दोन डबे शेजारी ठेवून आलटून पालटून वाजवतात आणि यातला भारीतला कुठला ते ओळखा म्हणतात. मला एकदाही ओळखता आलं नाही. त्याचं कारण सायलीने दाखवलं, की आपण हे सगळं मोबाइलच्या, बोटाच्या पेराएवढ्या स्पीकरवर ऐकतोय. हत्तीचं वजन कळावं म्हणून हत्तीचा फोटो तराजूत टाकण्यातला हा प्रकार. मग तिने मला हेडफोन दिले, तेव्हा कुठे फरक कळला. आणि आणखीही एक गोष्ट कळली. आपल्या कानाला जो येतो तो डब्याचा आवाज नसतोच. डबा एका खोलीत मोठ्याने वाजत असतो, त्याच्या स्पीकरच्या पडद्याला नाक लावून एक माईक असतो, तो माईक आवाज संगणकात नेतो, आणि तिथे बसलेला माणूस त्याची वेणीफणी करतो. घुमणारं काढतो, खरखरणारं काढतो, बोट सरकल्याची चुर्र तर सगळ्यात आधी काढतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या फोटोसाठी नवरीला पावडर लावतात, तसंच आहे. पण म्हणून कुणी तो फोटो घेऊन घरातल्या बायकोला ताडून बघत नाही.

एवढं कळल्यावर गप्प बसावं की नाही? पण मला हुरूप आला. मी व्हॉल्व्हचा एक गिटारचा अॅम्प्लिफायर बांधला, शिसवी फळ्यांचं खोकं, वर कातडी मूठ, आणि ठरवलं की याचा व्हिडिओ आपणही टाकायचा. वाजवायला कुरकुंभच्या एका कंपनीतला विश्वजीत नावाचा मुलगा मिळाला. त्याची दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी वाजवून बाराच्या आत निघतो म्हणाला. जागा म्हणून आमची कांद्याची चाळ रिकामी केली, मागे विटांचा ढीग रचला (भिंत), खाली लग्नातली जाजम (गालिचा). कुत्रं आमचंच होतं, पण ते झोपेना.

चूक एवढीच झाली की मी ही गोष्ट संपतआबांच्या कानावर घातली. आबा पूर्वी सरपंच होते हे तुम्हाला माहीत आहे, पण ते आता नाहीत हे आबांना फारसं माहीत नाही. नवीन वस्तूचा आवाज पहिल्यांदा जगापुढे जाणार आणि नारळ फुटणार नाही, हे त्यांना पटेना. आबा म्हणाले, "आरं, जगात जानार हाय म्हंजी गावाचं नाव जानार हाय. मग बिगर सत्काराचं कसं धाडायचं?" सकाळी पाहतो तर चाळीपुढे खुर्च्या, हार, शाली आणि पन्नासेक माणसं. विश्वजीतचा सत्कार झाला. माझा झाला. सायलीचा झाला. सत्कार करणाऱ्यांचाही झाला. मग आबा बोलायला उभे राहिले आणि त्यांना माईक हवा होता. कर्ण्याचा सेट मी एका वास्तुशांतीला भाड्याने दिला होता. तेव्हा कुणीतरी (मला संशय आहे, पण पत्रात नाव लिहीत नाही) विश्वजीतची गिटार सोडवून त्याच जागी आबांचा माईक खोचला.

दाजी, गिटारचा अॅम्प्लिफायर हा आवाज फाडण्यासाठीच बांधलेला असतो, आणि विश्वजीतने गेनचं, म्हणजे आवाज फाडायचं बटण आधीच भरपूर पिळून ठेवलेलं होतं. आबांनी उपस्थित बंधू आणि भगिनींनो म्हटलं आणि चाळीतून कबुतरं उडाली. पहिल्या रांगेतल्या दोन भगिनी उठून मागे जाऊन बसल्या. पण आबांना स्वतःचा तो आवाज आवडला. त्यांनी उसाचा भाव, कालव्याचं पाणी आणि तरुणांचं व्यसन हे तिन्ही विषय पूर्ण घेतले, आणि मी खरं सांगतो, पस्तीस वर्षांत आबा इतके परिणामकारक कधी वाटले नव्हते. लोक गंभीर होऊन ऐकत होते. तोवर विश्वजीतच्या पाळीची वेळ झाली. तो शालीसकट उभा राहिला, घाईत गिटार जोडली, दोन तुकडे वाजवले आणि मोटारसायकलला किक मारून गेला. सायलीने सगळं जसंच्या तसं टाकलं. ते आता जगभर उपलब्ध आहे. चौकशा बऱ्याच आल्या, पण गिटारवाल्यांच्या नाहीत. आसपासच्या गावांत निवडणुका लागल्यात, आणि सगळ्यांना भाषणासाठी आबांसारखा आवाज पाहिजे आहे.

म्हणजे मी एक आवाज दाखवायला गेलो आणि लोकांनी दुसराच ऐकला. यातून मला जे समजलं ते नम्रपणे तुमच्यापुढे ठेवतो. तुमचा डबा वाईट नाही, तुम्हाला कुणी फसवलेलं नाही आणि तुमच्या हातातही खोट नाही. पण तो व्हिडिओतला आवाज त्या डब्यात नव्हता आणि नाही. तो त्या खोलीत होता, त्या माईकात, त्या वेणीफणीत आणि त्या दाढीवाल्याच्या बोटांत. तुम्ही दौंडला न्हाणीघरात बसून जन्मभर बटणं पिळलीत तरी दुसऱ्याची बोटं तुमच्या हाताला फुटणार नाहीत. लहान तोंडी मोठा घास घेतला, राग मानू नये. गादी तेवढी पुन्हा पलंगावर टाका, भिंतीला लावून तिचा कापूस खाली बसतो.

बाकी लिहिण्यासारखं विशेष नाही. म्हशीचा चीक पाठवणार होतो, पण वाटेत नासेल. तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारा,

बापूसाहेब

ता. क. : येत्या रविवारी सकाळी त्याच चाळीत दुसरा व्हिडिओ करायचा आहे. या वेळी खराखुरा गिटारचा. तुम्ही प्रमुख पाहुणे म्हणून यावं ही विनंती. शाल आणून ठेवली आहे. गिटार घेऊन या, डबा नको. आक्का म्हणते, न्यायला आल्याशिवाय मी जाणार नाही. तुम्ही म्हणत असाल, बोलावल्याशिवाय जावई सासुरवाडीला कसा जाणार. दोघांचंही रीतीला धरून आहे. पण सत्काराचं बोलावणं आल्यावर कुणी कुणाकडे पडतं घेऊन गेलं असं होत नाही, हे आबांनी मला समजावलं. (आबांना माईक मिळणार नाही, हे मी त्यांना अजून समजावलेलं नाही.)

आणखी एक : गिटारवाले बरेच मिळतील. मला अॅम्प्लिफायर विकण्याची घाईही नाही. मला फक्त माझी बहीण आमचे डबे लावायची थांबायला हवी आहे. ती दिवसभर बोलते, हसते, जेवते, आणि सकाळी तुमच्या रियाजाच्या वेळेला पायरीवर जाऊन काही न करता बसते. हे मला बघवत नाही, दाजी.

शेवटचं : पहिल्या व्हिडिओची लिंक सायलीने तुम्हाला पाठवली आहे. आबांचं भाषण पुढे ढकला. विश्वजीतचं वाजवून झाल्यावर टाळ्या पडतात, त्या विरल्या की थोडं थांबा. आक्का चाळीच्या दाराशी मेथी निवडत बसली होती. ती आमच्या घरच्यांना काय म्हणाली ते माईकात आलं आहे. "बरं वाजिवतोय पोरगं. पन आमच्या ह्यांचं बोट सरकलं की तार कशी चुर्र करती, तसं न्हाई ह्याचं. त्याबिगर मला काय ग्वाड लागत न्हाई." सायली ते काढून टाकणार होती. मी राहू दिलं. आक्काला याचा पत्ता नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ते ऐकू येत नाही, हेडफोन लावून ऐका. आणि रविवारी बोटांना पावडर लावून येऊ नका.