केळीचा डाग

प्रिय नाना,

उद्या सकाळी माझी छाती उघडणार आहेत आणि तू नाहीस, म्हणून लिहितेय. रागावून लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. धुळ्याच्या तुझ्याच दवाखान्यात, तू जिथे पोरं शिकवलीस त्याच मजल्यावर, मला खिडकीजवळची खाट दिलीय. मघाशी बिनमिठाची भाजी आली. सरांची बहीण म्हणून खास काही नाही, बरं का. तुझी शिस्त अजून चालू आहे म्हणायची.

तुला जाऊन वर्ष उलटलं. वर्ग घेऊन आलास, खुर्चीत बसलास आणि उठलाच नाहीस. जन्मभर दुसऱ्यांच्या छातीला कान लावत फिरलास, पण स्वतःच्या छातीत काय चाललंय ते कुणाला बोलला नाहीस. मला तरी सांगायचंस ना! धाकट्यानं असं पुढे निघून जायचं असतं का रे?

माझ्या हृदयाची झडप गळते हे पहिल्यांदा तूच ऐकलंस. दिवाळीत फैजपूरला आला होतास. मी ओट्यावर करंज्या भरत बसले होते. "अक्का, फार दम लागतोय का वं तुले?" म्हणालास आणि नळी लावलीस. बराच वेळ ऐकलंस. मग म्हणालास, "घाई नाही. नजर ठेवू. वेळ आली की शिवून घेऊ."

"तू शिवणार असशील तर आत्ता चल," मी म्हटलं.

तू मान हलवलीस. नात्यातल्या माणसावर हात चालवायचा नाही, हा तुझा नियम. आबांच्या, सख्ख्या बापाच्या वेळीही मोडला नव्हतास. "तुझी छाती उघडली तर मले झडप नाही दिसणार, अक्का. तू दिसशील." एवढं बोलून तू करंजी उचललीस. मी मात्र भाऊबीजेपर्यंत तुझ्याशी धड बोलले नाही. अख्ख्या खान्देशाची काळजं शिवतो आणि सख्ख्या बहिणीचं म्हटलं की हात मागे घेतो! मला ते फार लागलं होतं, नाना. अजूनही लागतं.

आबांनी तुला डॉक्टर होऊ दिलं तेच कुरकुरत. मोठं शिक्षण संपवून तू छातीची शस्त्रक्रिया शिकणार म्हणालास तेव्हा ते म्हणाले होते, "माणसाचं काळीज शिवाले चालला? आधी सदऱ्याचं बटन तर लाव." आणि तू खरंच माझ्याकडून सुई-दोरा घेऊन बसलास. घरातल्या सगळ्या सदऱ्यांची बटणं तोडून पुन्हा लावलीस. आबा आठवडाभर नवीन जावयासारखे घट्ट बटणं लावून हिंडत होते.

मोठ्या शहरात राहिला असतास तर काय झालं असतं? बंगला झाला असता, गाडी झाली असती. लोक तोंडावर विचारायचे, "नाना परत का आला? तिकडे जमलं नाही का?" मी भांडायचे त्यांच्याशी. तू नुसता हसायचास.

तुझं काम मला उशिरा कळलं. सातपुड्याच्या पायथ्याची पोरं लहानपणी घसा दुखून तापानं आजारी पडतात आणि पुढे त्यांची झडप खराब होते. तिच्या जागी धातूची बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. पाड्यावर कुठली आलीय तपासणी? गोळी चुकली तर झडपेत रक्ताची गाठ धरते. मग तू हट्टाला पेटलास की होता होईतो माणसाची स्वतःचीच झडप दुरुस्त करून द्यायची. त्याला वेळ जास्त लागतो, हात बसायला वर्षं जातात आणि नाव कमी होतं, असं तुझ्याच बरोबरीचे म्हणायचे. तू वीस वर्षं त्याच एका गोष्टीच्या मागे लागलास. कुणाची किती टिकली, कुणाची का फाटली, सगळं पाड्यांवर जाऊन बघत राहिलास. फाटलेल्यांवर तर तू जास्त लिहिलंस. आपली चूक अशी चारचौघांत मांडायला छाती लागते.

आणि ती कुत्री! आठवतं का? साक्रीकडच्या मेंढपाळांच्या फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात, त्या काढून काढून तू वैतागलास. कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांची अंडी हाताला लागतात, हातातून तोंडात जातात, आणि गाठ धरते माणसाच्या छातीत. गाठी कापत बसण्यापेक्षा मुळाशीच जाऊ म्हणून तू पिंपळनेरच्या पुढे माळावर जाऊन कुत्र्यांना जंताच्या गोळ्या द्यायला लागलास. एकदा मी बरोबर होते. हृदयाचा प्रोफेसर भाकरीत गोळी लपवून कुत्र्यापुढे उकिडवा बसलेला! एक म्हातारे मेंढपाळ कपाळाला हात लावून म्हणाले, "डॉक्टर, दुखणं मनी छातीमा शे, आन् गोळी कुत्राले?" तू त्यांना सगळं नीट समजावलंस, त्यांच्याच बोलीत, घाई न करता. मी बाजूला तोंडाला पदर लावून हसत होते. पण त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला. तेव्हा बोलले नाही, आता बोलतेय.

मग आली आपली खोडं. घड उतरवला की केळीचं खोड आपण कापून टाकतो. तू ते उचलून उभा राहिलास, साल सोलून बोटानं दाबलीस आणि म्हणालास, "अक्का, हे तर झडपेसारखं आहे. दोरा जरा जोरात ओढला की चिरलं. सैल ठेवला की पाणी गळलं." झालं! दर आठवड्याला धुळ्याच्या मार्केटला जाणाऱ्या टेम्पोत आमची खोडं चढायला लागली. सगळं फैजपूर विचारायचं, प्रोफेसरसाहेबांनी हा चारा घालायला म्हशी पाळल्यात का?

पहिल्या दिवशी तुझी पोरं पांढरे शुभ्र एप्रन घालून खोडांवर टाके घालायला बसली आणि खोडाच्या पाण्यानं बरबटली. तेव्हा ते नुसतं पाणी दिसतं. दुसऱ्या दिवशी तपकिरी होतं आणि मग कापड फाटेपर्यंत जात नाही. आपल्याकडे मळ्यातले कपडे वेगळे ठेवतात ते उगाच नाही. तुला माहीत होतं की रे. फोनवर मी रागावले तर म्हणालास, "मुद्दामच नाही सांगितलं. राहू दे थोडा डाग. दोरा ओढताना आठवण राहील."

तू गेलास आणि मी खोडं पाठवणं बंद केलं. कुणी मागितली नाहीत, मीही विचारलं नाही. कोणासाठी पाठवायची?

आणि आता माझी वेळ आली. महिनाभर आडवं पडलं की दम कोंडतो, झोपताना चार उशा लागतात. गिरीशनं, माझ्या पोरानं, उचलूनच आणलं मला इथे. शस्त्रक्रिया डॉक्टर वैशाली करणार, असं इथले म्हणाले. पिंपळनेरची आहे, बारीक अंगाची, तुटक बोलते. तिनं परवा संमतीचा कागद पुढे ठेवला. मी सही केली नाही. म्हटलं, सख्ख्या भावानं शिवायला नकार दिला, आता परकी कशाला? ती "बरं" म्हणून निघून गेली. काल पुन्हा आली, पुन्हा तेच. आज सकाळी मी गिरीशला पिशवी भरायला लावली. घरी जाते, म्हटलं, जेवढे दिवस आहेत तेवढे मळ्यात काढते. परक्या हातात काळीज द्यायचं नाही.

तेवढ्यात ती आली. खाटेवर वाकून माझी नाडी बघायला लागली आणि तिच्या एप्रनची बाही माझ्या डोळ्यांसमोर आली. मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी डाग. चहाचा नाही, औषधाचा नाही. जन्म गेला माझा केळीत, मला तो डाग कळणार नाही का?

"हा कुठे लागला?" मी विचारलं.

ती पहिल्यांदाच हसली. "सरांच्या वर्गात. तुमच्याच खोडांवर. मी तर फार फाडली, अक्का. सर म्हणायचे, फाडा, माझ्या बहिणीकडे पुष्कळ आहेत. पण एकदा म्हणाले, नीट शिका, तिचीही झडप शिवायची आहे कुणालातरी."

नाना, मी समजत होते तू हात मागे घेतलास. आणि तू तर दर आठवड्याला माझ्याच मळ्यातून माझ्यासाठी हात तयार करत होतास. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. असा कसा रे तू?

मी तिचा हात धरला. बोटं गार होती. उलटीसुलटी करून पाहिली. मग गिरीशला म्हटलं, पिशवी रिकामी कर. सही केली. वाकडी आली, तर ती म्हणाली, "तुमची वाकडी आली तरी चालेल, माझा टाका वाकडा जाता कामा नये." तुझंच बोलणं, दुसऱ्याच्या तोंडून.

भीती वाटतेय. तुझ्यापासून काय लपवायचं? पण आता परकं वाटत नाही. वैशालीला विचारलं, हल्ली पोरं कशावर शिकतात? म्हणाली, बाहेरून रबराचं आणतो, पण ते फाटत नाही. फाटतच नाही तर शिकणार काय?

तुला शब्द देते. या आठवड्याच्या टेम्पोत खोडं चढतील, आणि पुढच्याही. गिरीशला मघाशीच बजावलंय. उद्या मी उठले तर स्वतः निवडून पाठवीन, नाही उठले तर तो पाठवील. आणि पोरांना पांढरे एप्रन घालूनच बसवा, असा निरोपही वैशालीला दिलाय.

तुझ्यावर रागावलेली आणि आता न रागावलेली,
तुझी अक्का