वेगळी काढलेली वाटी

२४ फेब्रुवारी, शनिवार

सरोजमावशींनी प्रसाद खाल्ला नाही! सत्यनारायणाचा शिरा दोन्ही हातांनी घेतला, "काय वास सुटलाय गं" म्हणाल्या आणि डबीत भरला. मागच्या पौर्णिमेलाही डबीच होती. मी बघत होते हे त्यांना कळलं असेल का? कळू दे.

२७ फेब्रुवारी

समोरच्या दारातल्या मावशी. मी ठाण्याला ऑफिसला गेले की दुपारभर आईजवळ त्याच. आईचं हृदय अशक्त झाल्यापासून त्यांच्याशिवाय माझी नोकरी टिकली नसती, हे खरं. त्या ख्रिश्चन आहेत, हेही खरं.

आज लवकर आले. दार उघडलं आणि आतलं बोलणं तुटलं! मावशी म्हणाल्या, "आलीस? चहा टाकते." आई भिंतीकडे बघत राहिली.

अद्वयला फोन केला. "ताई, कुणी फुकट बसतं का? पुस्तकं-बिस्तकं ठेवतायत का बघ." गादीखाली पाहिलं. काही नाही. भावाचं ऐकून हे केलं याची लाज वाटली. तरी परत पाहिलं.

३ मार्च, रविवार

शिरा कुठे जातो ते कळलं. तळमजल्यावरच्या रंगूबाई म्हणाल्या, "तुमचा परसाद सरोज आणून देते ना. मला कुठे जिना चढवतोय!"

म्हणजे टाकत नाहीत. मग स्वतः का खात नाहीत? जिन्यात गाठून विचारलंच.

"विचारलंस म्हणून सांगते. देवापुढे ठेवलेलं आमच्यात काहीजण खातात, मी नाही खात. पण घेतलं नाही तर तुला लागेल."

इतकं गोड बोलणारी माणसं — सावध राहिलेलं बरं.

११ मार्च

भात कालवताना आई मध्येच म्हणाली, "सरोजकडे मेल्यानंतरचं काय सांगतात गं?"

माझी नजर वडिलांच्या फोटोकडे गेली. अप्पा असते तर! शाळेच्या आधी त्यांनीच मला घरी बसवून अक्षरं शिकवली, स्तोत्रं शिकवली. एक उच्चार चुकला की पुन्हा पहिल्यापासून. नैवेद्य दाखवेपर्यंत चमचाभरही चाखायचं नाही, बाजूला काढायचं नाही. त्यांच्या घरात हा प्रश्न! कुणी घातला आईच्या डोक्यात?

१२ मार्च

मावशींना सांगितलं, उद्यापासून नका येऊ. कारण दिलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. "गोळ्या तेवढ्या वेळेवर दे" म्हणाल्या.

विचारलं नाही — म्हणजे ठाऊकच असणार!

१९ मार्च

दुपारसाठी बाई ठेवली. मोबाइल बघत बसते. आई जेवत नाही.

२ एप्रिल

आई शेवटी बोलली. रागाने, धाप लागेपर्यंत.

"मी विचारायचे तिला. रोज. ती सांगायची नाही. म्हणायची, वासंतीताई, क्षिप्रासमोर विचारा, मग सांगेन. पोरीच्या पाठीमागे सांगायची गोष्ट नाही ही."

"मग माझ्यासमोर का नाही विचारलंस?"

"तुझी भीती वाटते."

म्हणजे त्या दिवशी दार उघडल्यावर गप्प झाली ती आई. मला बघून.

"माझा विठोबा मी सोडत नाहीये गं. पण जायची वेळ जवळ आली, तर शेजारणीला काय वाटतं ते विचारूही नको?"

३ एप्रिल

मावशींचं दार वाजवलं. माफीचं घोकून गेले होते. म्हटलं, "पाडव्याला जेवायला या" एवढंच.

"अगं, येईन. पण —" म्हणाल्या आणि थांबल्या.

पण काय, ते मला कळलं.

९ एप्रिल, पाडवा

गुढीला नैवेद्य दाखवायच्या आधी एक वाटी श्रीखंड वेगळं काढलं. अप्पांच्या फोटोकडे पाहिलं नाही.

मावशींनी ती वाटी आईच्या पलंगावर बसून चाटूनपुसून संपवली. आईने माझ्याकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं आणि तिच्या पायाशी बसले.

आईने विचारलं.