फेनामावशीची खुर्ची कुठे अडली?

आइंडहोव्हन,
मंगळवार

ती. फेनामावशीस,

योरिटचे दोन गालांवर मिळून तीन पापे. गुडघा काय म्हणतो? (कुणाचं ऐकत नसणारच, तुझाच तो.) मी खुशाल आहे.

"ज्या कारखान्यातली कामं सुधारायला तू जातोस, त्याच कारखान्याची जिन्यावरून वर नेणारी खुर्ची मला वसंत ऋतूपासून मिळत नाही, मी खाली सोफ्यावर झोपते, मग तुझा उपयोग काय रे?" हे तू फोनवर विचारलंस ते मला चांगलंच झोंबलं. म्हणून हे सविस्तर उत्तर. निर्धास्त राहा, प्रकरण आता माझ्या हातात आहे.

आधी माझं काम समजून घे (आई अजून शेजाऱ्यांना सांगते की मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो). ऑर्डर आली, जिना मोजला, रूळ वाकवला, गादी शिवली, गाडीत चढवली, की दर वेळी कुणीतरी बटण दाबतं आणि कॉम्प्युटरात वेळेसकट नोंद राहते. अशा हजारो ऑर्डरींच्या नोंदी जोडल्या की काम खरोखर कुठून कसं फिरलं याचा नकाशा निघतो. मात्र आधी एकच नेमका प्रश्न ठरवावा लागतो, आणि उत्तर मिळाल्यावर कोण काय बदलणार तेही. नाहीतर मांजराने खेळलेल्या लोकरीसारखा गुंता हाती येतो.

आता आपल्या डच लोकांना एक प्रश्न ठरवायला सांगायचं, म्हणजे झालंच! सगळ्यांचं मत घेतल्याशिवाय इथे खिडकीसुद्धा उघडत नाही. मालकीणबाई सीत्स्के म्हणाली, "सगळंच शोध की, एवीतेवी आलाच आहेस." खरेदीवाल्या बाउकेला स्क्रू कुठे गायब होतात ते हवं होतं. गोदामाच्या इनेकेला गाड्या अर्ध्या रिकाम्या का जातात याची चिंता. (प्रत्येकाचा प्रश्न योग्यच होता, हीच तर पंचाईत.) तिसऱ्या बैठकीत चीज-पाव आणि ताक संपता संपता सर्वानुमते एक प्रश्न तयार झाला. तो वाचताना बाउकेला मध्ये थांबून पाणी प्यावं लागलं.

मग मी उठलो. म्हटलं, "मंडळी, ही तर वरात झाली! उत्तर मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेमकं काय वेगळं कराल, ते एकाने तरी सांगा." "मग तूच सांग, शहाण्या," सीत्स्के म्हणाली. मी तुझा सोफा डोळ्यांपुढे आणला आणि सांगितलं, तयार झालेली खुर्ची ग्राहकाच्या घरी पोचण्याआधी कुठे अडते, एवढंच शोधू. ती जागा सापडली की सीत्स्केने अडचण दूर करायची. मंजूर! (बाउके म्हणाला, "चालेल, पण स्क्रूंचं मनात असू दे.")

दोष गादीखात्याचा, हे मी नकाशा निघायच्या आधीच ओळखलं आणि सीत्स्केला ठासून सांगितलं. गुरुवारी सर्वांसमोर सिद्ध करून दाखवतो. सोफ्यावरच्या तुझ्या रात्री संपल्याच म्हणून समज.

तुझा कर्तबगार भाचा,
योरिट

ता. क. नकाशा आज दुपारी निघाला. गादीखातं निर्दोष आहे. तयार खुर्च्या पुन्हा शिवायला जातात, कारण ग्राहक गादीचा रंग बदलतात. बहुतेक लोक एकदाच बदलतात. डेव्हेंटर गावची एक ऑर्डर मात्र तिथेच गरगर फिरते आहे. कायद्यामुळे आम्हाला ग्राहकांची नावं दिसत नाहीत. पण आधी राखाडी, मग शेवाळी, मग "हेरिंग माशाच्या पाठीसारखा, पण मासा ओला असताना" असा रंग लिहून कळवणारी बाई साऱ्या हॉलंडात एकच आहे. धन्य आहेस, मावशी!

दुसरी ता. क. गुरुवारी गादीखात्याची माफी मागेन, त्याचं काही नाही. पण पाकीट बंद करताना वाटलं, प्रश्न ठरवण्यातच मी चुकलो. खुर्ची का अडते हे विचारत बसलो, तुला ती हवी आहे का हे विचारलंच नाही. हार्मकाका गेल्यापासून तू वर गेलेली नाहीस. खुर्ची आली की न जायला कारण उरणार नाही, हो ना? मलाही त्यांची फार आठवण येते गं. कुठलाही एक रंग सांगून टाक. खुर्ची बसवतील त्या दिवशी मी येतो. तू बसून वर जा, मी शेजारून पायऱ्या चढतो. आणि त्यांच्या खोलीचं दार उघडावंसं वाटलं नाही, तर वरच्याच पायरीवर कॉफी पिऊ आणि खाली येऊ.