आईच्या डाव्या हातातले तेरा पत्ते

१८ फेब्रुवारी, जुन्नर

कटरचं पातं खाली आलं आणि राजांचे मुकुट गेले. चारही.

गौतमभाऊ मशीन थांबवून म्हणाले, "ताई, आजवर नवरा-नवरीच छापले. राजा-राणी पहिल्यांदाच." पुन्हा शीट लावलं. या वेळी मुकुट वाचले, एका गुलामाचा पाय गेला. चालेल म्हटलं.

बाजारातल्या गल्लीत त्यांचा प्रेस. लग्नपत्रिका, बिलबुकं. पत्ते छापायचेत म्हटल्यावर आधी हसले. मग मी कारण सांगितलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईच्या डाव्या हाताची बोटं मिटतात, पण धरत नाहीत. बाजारातले प्लॅस्टिकचे पत्ते माशासारखे निसटतात. आणि पत्ते स्वतःच्या हातात धरल्याशिवाय ती खेळणार नाही.

मग हसले नाहीत. शाईचा डबा उघडला.

कोपरे मी घरी कात्रीनं गोल केले. एकसारखे नाहीत.

२० फेब्रु., बोरी

जाड आर्ट कार्ड, वर चकचकीत लॅमिनेशन. मला वाटलं होतं, जाड म्हणजे धरायला बरं.

आई : "हे पत्तं हायेत का फरश्या?"

तेरा पत्त्यांची वीट झाली. मुठीत मावेना. मावली तेव्हा वरचे पत्ते एकेक करून मांडीत.

जानेवारीत सुताराकडून खाच पाडलेली फळी करून आणली होती, पत्ते उभे लावायला. ती आईनं शेजारच्या सुंदराकाकूंना देऊन टाकली, चमचे ठेवायला. "मी काय दुकान मांडलंय व्हय, फळीवर माल लावून बसायला?"

सुंदराकाकू आईच्या मेंढीकोटातल्या जोडीदार. माझ्या जन्माच्या आधीपासून. चौघींचा डाव, प्रत्येकीला तेरा पत्ते, दोन-दोनची जोडी, ज्या जोडीकडे दश्श्या जास्त ती वर. आई आजारी पडल्यापासून ओट्यावर डाव पडलेला नाही. कमलवहिनी (भावाची बायको, तिसरा भिडू, चौथी मी) काकूंना म्हणाली, तोवर दुसरं कुणी घ्या जोडीला. काकू म्हणाल्या, "जोडीदार काय यष्टीतली शीट हाय का, रिकामी दिसली की बसवलं कुणाला?"

२७ फेब्रु.

पातळ कार्ड, मॅट लॅमिनेशन. स्पर्श मखमलीसारखा. प्रेसमधल्या काचेच्या टेबलावर दोघांनी खूप वेळ वाटून पाहिले. खूश.

बोरीत बारदानावर बसून काकूंनी वाटायला घेतले. एक ओढला की तीन येतात.

"लई माया हाय एकमेकांवर," काकू.

"मग जावा न्हाईत," आई.

काकू इतक्या हसल्या की उरलेले पत्ते हातातून गेले. आईही हसली. हातात धरले मात्र नाहीत. "तुमी खेळा. मी बघती."

कुणी खेळलं नाही.

६ मार्च, मंचर

आईला व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कांद्याच्या गाड्यांमुळे हायवेवर अडकलो. आईनं रबरी चेंडू दाबून दाखवला, तोंड वाकडं करून.

बाई : "हाताला आवडीचं काम द्या, आजी."

आई : "तेच तर मागतीया. ही देती फरश्या."

९ मार्च, बोरी

दुपार. ऊन वाढलंय. पंखा बंद, लाईट नाही. मी दारात थांबले.

आई खाटेवर बसून वारा घेत होती. आत्याच्या नातवाची लग्नपत्रिका आली होती, कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेली. त्या पत्रिकेनंच वारा घेत होती. डाव्या हातानं.

बोलले नाही. हाताला कळू नये म्हणून. पत्रिका निसटली नाही. हात विसरला होता की तो आजारी आहे.

मग आईनं मला पाहिलं. "काय गं, भूत बघितल्यासारखी?"

"काही नाही. ती पत्रिका मला दे."

"लग्न झाल्यावर घे. तारीख हाय तिच्यात."

११ मार्च, जुन्नर

तारीख भिंतीवर लिहून ठेवून पत्रिका आणली. गौतमभाऊंनी अंगठा फिरवला. कापडासारखा पोत, उभे-आडवे बारीक धागे उठलेले.

"हा तर माझ्याकडचाच कागद. वर्षानुवर्षं विकला. पत्रिका म्हणून."

फुटकळ तुकडे कापून दोघं वाटत बसलो. बोटाला उंचवटे लागतात, म्हणून धरतो. खळग्यांत हवा राहते, म्हणून पत्त्यावरून पत्ता सरकतो. धरणं आणि सुटणं, दोन्ही एकाच कागदात. त्यांनी चहा मागवला. तो तसाच गार.

पाठीसाठी माझं चित्र ठरलेलं : भरगच्च निळा, काठापर्यंत. ते मी सोडणार नव्हते. वॉर्निश मारलं तर पोत बुजेल, म्हणून मारायचं नाही. यावर दोघांचं एकमत. इतकं पटकन एकमत झालं तेव्हाच शंका यायला हवी होती.

१५ मार्च, बोरी

कांद्याची काढणी चालू. काकू आणि वहिनी रानातून थेट ओट्यावर आल्या, हाताला कांद्याचा चिकट रस. हात पुसून बसल्या. आईनं डावी मूठ पुढे केली. काकूंनी एकेक करून तेरा पत्ते तीत लावले. राहिले! पंखा वाकडा, पण पंखा.

वाटताना काकूंचा अंगठा दर पत्त्याला जिभेला. वहिनीचाही. माझाही. इथं दुसऱ्या कोणत्या रीतीनं कुणी वाटत नाही. मी लहानपणापासून पाहतेय, आणि प्रेसमध्ये कोरड्या हातानं वाटत बसले होते.

तिसरा हात पडला तेव्हा आईनं काकूंकडे पाहिलं.

"सुंदरे, जीभ काढ."

निळी. वहिनीची निळी. माझी आरशात पाहिली, गडद निळी.

आई : "महादेवानं इख पिलं, त्याचा तरी गळाच निळा झाला."

हसता हसता तिची मूठ उघडली. पत्ते बारदानावर, सगळे उताणे. तिच्याकडे दोन दश्श्या होत्या. डाव मोडला. जीभ तीनदा घासली, तरी रात्री भाऊ ताटावर बसून माझ्याकडे बघून हसत होता.

१६ मार्च, जुन्नर

निळा गेला. रात्रभर वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही.

छापलेली निळी पाठ भिंगातून पाहिली. शाईनं खळगे भरून टाकले होते. एवढा पोत शोधला आणि मीच लिंपून ठेवला.

आता पाठीला एकच बारीक रेघ, काठापासून आत. बाकी कागद. गौतमभाऊ म्हणाले, "एवढंच? गिऱ्हाईक म्हणेल छापायचं विसरले." वॉर्निश हलकं, एकच हात. तेवढ्यानं पोत बुजत नाही, आम्ही करून पाहिलं. थुंकी लावूनही पाहिलं, दोघांनी, शटर अर्धं ओढून.

२३ मार्च, बोरी

नवा जोड. काकूंनी हातात घेतला आणि मी काही म्हणायच्या आत वरच्या पत्त्याच्या कोपऱ्याला हळद-कुंकू. पत्रिकेच्या प्रेसमधून आलाय म्हणून असेल. बोटांना सवय.

वहिनी : "अवो काकू! आता हा पत्ता पाठीवरनंच कळणार."

पदरानं पुसलं. वॉर्निशमुळे कुंकू निघालं, हळदीची छटा राहिली. उलटून पाहिलं, किलवरची दुर्री. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दुर्रीला कोण इचारतंय."

वाटले. एकेक, सुटा. सरकताना कोरडा आवाज, पानावर पान घासल्यासारखा.

आईनं उजव्या हातानं पत्ते उचलून डाव्यात लावले. स्वतः. वेळ लागला. कुणी घाई केली नाही, कुणी बघतही नव्हतं, म्हणजे सगळ्या बघत होतो. हुकूम इस्पिक. पहिला हात तिनं मारला. दुसरा. पत्ता ओढताना शेजारचा हलला, पडला नाही.

सहाव्या हाताला दोन घसरले. काकूंनी मान फिरवून, दाराकडे बघत, ते चाचपून उचलले आणि तिच्या मुठीत खोचले.

"बघितलंस."

"न्हाई."

"बघितलंस तू, सुंदरे."

"अगं, बघितलं असतं तर बदामाची राणी एवढी जपून धरली असती का मी?"

आई हसायला लागली तशी मी तिच्या मुठीकडे बघत राहिले. मूठ मिटलेलीच.

चारही दश्श्या त्यांच्याकडे. कोट. मी आणि वहिनी हरलो, चहा आमच्याकडे. चहा टाकायला आत गेले आणि साखर शोधत जरा जास्त वेळ थांबले.

दुसऱ्या डावात आई चौथ्या हाताला दमली. पत्ते काकूंच्या मांडीवर ठेवून म्हणाली, बास आज. "आज" म्हणाली.

२४ मार्च

सकाळी चहाच्या आधी आई ओट्यावर एकटीच पत्ते पिसत बसली होती. निम्मे खाली. मी उचलायला वाकले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिथंच. अजून लई पडायचेत."