पांढरी पाच

सँडीफोर्ड, डब्लिन

प्रिय अण्णा,

'प्रिय' हे रिवाज म्हणून लिहिलंय, त्यावरून खूश होऊ नका. तुमच्या वर्षश्राद्धाला तुमचे शिष्य पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करताहेत आणि स्मरणिकेसाठी त्यांनी माझ्याकडून श्रद्धांजली मागितली आहे. 'अण्णांच्या संगीतसाधनेच्या आठवणी' हव्यात म्हणे. घ्या मग आठवणी!

आई माझ्याकडे आल्यापासून नुसती खिडकीत बसून असायची. ऑफिसातला डेक्लन म्हणाला, रविवारी दुपारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये ब्लूग्रास आहे, आईला घेऊन ये, मस्त क्रॅक होईल. क्रॅक म्हणजे इथे धमाल. ब्लूग्रास म्हणजे काय, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं गाणं, एवढंच त्यानं सांगितलं.

पाच पुरुष. तबला नाही, ड्रम नाही. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि माणसाएवढा उंच बेस. तुम्ही पहिल्याच गाण्याला 'धांगडधिंगा' म्हणून उठला असतात आणि तुमच्यामागे आम्हालाही उठावं लागलं असतं. मी बसले. एक गाणं चक्क कुणाच्या तरी मरणावरचं होतं आणि लय अशी की पाय थांबेनात. गेलेल्या माणसाबद्दल इतक्या आनंदात गाता येतं? मला ते फारच पटलं.

आणि अण्णा, पाचजणांत माइक एकच! ज्याची पाळी तो पुढे यायचा, बाकीचे मागे सरकायचे, मग तोही मागे जायचा. कुणी कुणावर डोळे वटारत नव्हतं. मला आईची जागा आठवली. तुमच्या उजव्या खांद्यामागे, तंबोरा घेऊन, तोंड मिटून.

एकदा भर मैफलीत तुम्हाला ठसका लागला आणि तिनं मागून तुमचा षड्ज धरून ठेवला, आठवतंय? लोकांनी दाद दिली ती तिला. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "या घरात गळा एकच." नंतर कित्येक महिने तिच्या जागी शिष्य बसत होता. लग्नाआधी विशारद झालेली बाई हो ती! तो तंबोराही तिच्याच माहेरचा, तिच्या गळ्याला जुळणारा, पेटीवरच्या पांढरी पाचला लावलेला. लग्न झाल्यावर तुम्ही त्याच्या तारा बदलून तो तुमच्या काळी एकला आणलात. मग त्याच्यावर तिला ना धड खाली लागायचं, ना वर जाता यायचं. तुम्हाला झोप कशी लागायची?

हॉलमध्ये ती मांडीवर तीनताल धरत होती. टाळी, टाळी, खालीला हात हवेत, पुन्हा टाळी. दर आवर्तनाला तिचा हात वर जायचा, आणि बँजोवाल्याला वाटलं, शालीतली ही बाई आपल्यालाच हात करतेय. गाणं संपल्यावर त्यानं माइकवरून विचारलं, यांना गायचं आहे का? सगळा हॉल वळून बघायला लागला. मी शरमेनं लाल होऊन तालातली 'खाली' म्हणजे काय ते इंग्रजीत समजावायला लागले.

आईनं माझं कोपर धरलं. "पट्टी कोणती त्यांची?"

मी विचारलं. 'जी', तो म्हणाला. मी बोटांवर सी, डी, ई मोजलं आणि तिला सांगितलं, "पांढरी पाच."

"माझीच आहे की," आई म्हणाली, आणि शाल खुर्चीवर ठेवून उठली.

तिनं भूप गायला, तिच्या गुरुजींनी शिकवलेली बंदिश. बेसनं सा धरला, फिडलवाला तिच्या सुरांमागून हळूहळू चालत राहिला. आवाज जुना झालाय तिचा, वरचा सा थरथरला. पण ते पाचही पुरुष माइकपासून मागे सरकले, अण्णा. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. पस्तिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा माझ्या आईचं गाणं ऐकलं, तेही परक्या देशात, परक्यांच्या माइकवर! मी रडले, आणि रडता रडता तुमचा इतका राग आला की मुठी आवळून बसले. तो अजून उतरलेला नाही आणि मला तो उतरवायचाही नाही.

परतताना लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्रॅममध्ये, आई व्हिनेगर घातलेल्या चिप्स खात होती. "आज हे असते तर..." म्हणाली. आता ही रडणार, असं मला वाटलं.

"तर मी मागे बसले असते," ती म्हणाली आणि पुडा माझ्यापुढे केला.

तुमच्या पट्टशिष्याचा परवा फोन आला होता. तंबोरा हार घालून तुमच्या फोटोशेजारी ठेवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी तुमची शेवटची इच्छा होती म्हणे. ती पुरी होणार नाही. आणि हे पत्र त्यानं छापलं नाही तर मी स्टेजवरून वाचून दाखवीन.

वचन देते, अण्णा. पुण्यात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे त्या तारा बदलणं. तंबोरा पांढरी पाचला लागेल, मी तो धरीन आणि आई पुढे बसून गाईल. तुमचा फोटोही ठेवू, काळजी नको. तिच्या उजव्या खांद्यामागे.

तुमची, पण जास्त आईची,
नीलू